पौर्णिमेपुरता हॉल

मी देश सोडला त्या सकाळी बडनेरा स्टेशनवर मला पोचवायला पंधरा-सोळा बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. सगळ्या आमच्या वस्तीतल्या विहारातल्या. मुंबईची गाडी यायला वीस मिनिटं होती. बाबा तीस वर्षं रेल्वेत ट्रॅकमन होते, त्यामुळे स्टेशनवर त्यांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि मला नेमकं तेच नको होतं. त्यांच्यातल्या मंदाकाकूंनी पदर सावरला, हात जोडले, आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं. चहावाला थांबून बघायला लागला. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या प्रवाशाने बाबांना हळूच विचारलं, "कोणी वारलं का जी?"

"नाई जी," बाबा म्हणाले. "पोरगी आयर्लंडले चालली. नर्स हाये."

मी सव्वीस वर्षांची होते. नवी जीन्स, नवी बॅग, आणि भोवती हा पांढरा घोळका. मी मान खाली घालून बाबांना म्हटलं, "आता पुरे करा म्हणा ना त्यायले."

"लाजून काहून राहिली? गाडी आली का आपोआप पुरे होते."

गाडी आली आणि खरंच पुरं झालं. आईने खिडकीतून डबा आत दिला. मंदाकाकूंनी गजांतून हात घालून माझा खांदा दाबला. मागे राहिलेल्यांना वाचून वाईट वाटेल, पण खरं ते सांगते. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

आमच्या घरात देव नव्हता. माझे आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबायचे. त्यांची आई एकदा नवस फेडायला नारळ घेऊन गेली तेव्हा तिला देवळाच्या पायरीवरूनच परत पाठवलं होतं. तो नारळ तिने परत येताना नाल्यात टाकला, एवढंच आजोबा सांगायचे, त्यावर काही बोलायचे नाहीत. पुढे छप्पन्न साली ते नागपूरला गेले, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, आणि कोनाड्यातले देव उचलून त्यांनी कोनाडा लिंपून टाकला. त्यामुळे मला वाटायचं, आपण या सगळ्यातून एकदाचे बाहेर पडलो आहोत. मग दर पौर्णिमेला खीर कशाला? पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन कशाला? मी अमरावतीला नर्सिंगला होते, हॉस्टेलवर सगळ्या विषयांवर वाद घालायला शिकले होते, आणि सुट्टीत घरी आले की बाबांवर सराव करायची.

एकदा विचारलं, "देव नाई म्हणता, तर मेणबत्त्या काहून लावता?"

बाबा तेव्हा विहाराची चटई झटकत होते. म्हणाले, "देवासाठी कोण लावून राहिलं? मेणबत्ती लावली का माणसं जमा होतात. नुसतं या म्हटलं तर येत नाईत."

मला ते उत्तर तेव्हा फारच हलकं वाटलं होतं.

आयर्लंडमध्ये मी ज्या गावात आले तिथे एक नदी आहे, एक मोठं दगडी चर्च आहे आणि आमचं वृद्धांचं केअर होम आहे. पहिल्या दिवशी भरायला एक फॉर्म दिला. त्यात धर्माचा रकाना होता, आणि खाली लिहिलं होतं की हा रकाना भरलाच पाहिजे असं नाही. मी लिहिलं, काही नाही. कुणी भुवई उंचावली नाही. माझं आडनाव ऐकून पुढचा प्रश्न कुणाच्या ओठावर आला नाही. आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर एक क्षण काय होतं ते ज्यांनी आयुष्यभर पाहिलंय, त्यांनाच या मोकळेपणाची किंमत कळेल. रविवारी मी उशिरा उठायची, कपडे धुवायची, नदीकाठी फिरून यायची. चर्चमध्येही फार कुणी जाताना दिसायचं नाही, आणि मला ते बरं वाटायचं. दोन वर्षांनी मी अमरावतीला येऊन लग्न केलं. संदीप अकोल्याचा, एक्स-रे टेक्निशियन, आणि या बाबतीत अगदी माझ्यासारखा. त्यालाही तिकडेच नोकरी मिळाली. आमच्या तिथल्या घरात ना तसबीर होती ना मेणबत्ती.

मग मला दिवस गेले. सातवा महिना लागला. सप्टेंबरात एका सकाळी कामावर निघताना लक्षात आलं की काल संध्याकाळपासून पोटात काही हललं नाही.

मी नर्स आहे. हॉस्पिटलात सोनोग्राफीचं मशीन लावणाऱ्या मुलीने स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली तेव्हाच मला समजलं. ते सगळं मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. केस भरपूर होते, संदीपच्या आईसारखे कुरळे. डॉक्टरांनी, नर्सेसनी जे जे करायचं ते नीट केलं. एका बाईने हळू आवाजात कागद समजावून सांगितले. आमच्या हातात एक माहितीपत्रक आलं, समुपदेशन करणाऱ्या एका बाईचा फोन नंबर आला. कुणाच्याही वागण्यात काही कमी नव्हतं. तरी ती मुलगी माझ्या हातात, संदीप खिडकीपाशी, आणि पुढे काय करायचं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

दुपारी मॉरीन आली. आजाऱ्यांना धीर द्यायला हॉस्पिटलने नेमलेली बाई. साठी ओलांडलेली, गळ्यात छोटा क्रॉस. मी लगेच सांगितलं की आमचा धर्म नाही. मला वाटलं ती जाईल. तिने खुर्ची ओढली आणि विचारलं, "बरं. पण तुमच्या गावाकडे अशा वेळी लोक काय करतात?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं विहारात बसले होते, पण लक्ष दिलं नव्हतं. संदीप म्हणाला, "बाबाले फोन लावू का?"

तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते. वर्षावासाचे दिवस, म्हणजे सगळे विहारात वाचनाला जमलेलेच. बाबांनी व्हिडिओ कॉल उचलला. आदल्या दिवशीच त्यांना कळवलेलं होतं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन तिला पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "नाव ठेवलं का?"

"नाई."

"नाव ठेवा आधी. बिनानावाची कशी पाठवाची?"

संदीपने नाव सांगितलं. उत्पला. त्याने ते मनात ठरवून ठेवलं होतं हे मलाही माहीत नव्हतं. बाबांनी ते मागे वळून मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. मंदाकाकूंनी ते परत म्हटलं, मागच्या रांगेतल्या एका बाईने बाजूच्या बाईला सांगितलं. मग त्यांनी सुरू केलं. तेच शब्द, बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवरचे. मुलगी माझ्याजवळ, संदीपचे हात जोडलेले, फोन धरायला आमच्यापैकी कुणाचा हात मोकळा नव्हता, तर मॉरीनने तो दोन्ही हातांत धरला आणि सगळं संपेपर्यंत धरून उभी राहिली. तिला एक अक्षर कळत नव्हतं. मला तरी पालीतलं कितीसं कळत होतं? पण तोंडाला सगळं पाठ होतं. संदीपने माझ्या मागून म्हणायला सुरुवात केली, त्याचा आवाज मध्येच तुटला, तर तिकडून बायांचा आवाज चालू होता, त्यात तो परत मिसळला. त्या दोन दिवसांत आम्ही दोघं पहिल्यांदा एका वेळी एकच गोष्ट करत होतो.

रजा मिळाली, आणि चांगली मिळाली. त्या फोन नंबरवरच्या बाईकडेही मी चार वेळा जाऊन आले, तिचा उपयोग झाला. पण तिच्याकडे वेळ ठरवून जावं लागायचं. चर्चच्या ओळखीतल्या बायांनी आमच्या दारी महिनाभर आळीपाळीने सूप ठेवलं, त्यातली एकही आत येऊन बसली नाही की प्रार्थनेला ये म्हणाली नाही. केरळची शायनी, माझ्यासोबत काम करणारी, मात्र आत येऊन बसायची आणि हातातली माळ ओढत ओठांतल्या ओठांत काही म्हणायची. मी एकदा तिला म्हटलं, मी तुझं काही मानत नाही. ती म्हणाली, "माहितीये. मी माझ्यासाठी म्हणते. तू भाजी चिर."

नोव्हेंबरात मी कामावर परत गेले. आमच्याकडे नोरा नावाची अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई होती, जिभेची तिखट. सगळ्यांनी मला "सॉरी फॉर युअर लॉस" म्हटलं. नोराने, मी तिचे केस विंचरत असताना, विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

मी सांगितलं. तिने ते तीनदा म्हणून नीट बसवलं. मग आरशात बघतच तिने तिची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांची असताना, लग्नाआधी, तिला मुलगा झाला होता. दोन दिवस जगला. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून तेव्हाच्या पाद्र्याने दफनभूमीत जागा दिली नाही. तिच्या बापाने त्याला भिंतीबाहेर, शेताच्या कडेला पुरलं. "नाव होतं," ती म्हणाली. "पण मी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी." तेव्हापासून तिने चर्चमध्ये पाय ठेवला नव्हता. तिच्या फॉर्मवरही धर्माच्या रकान्यात माझ्यासारखंच लिहिलेलं होतं.

तिकडे मेलेल्या माणसांची नावं नोव्हेंबरात चर्चमध्ये वाचतात. मॉरीनने मला विचारलं होतं, उत्पलाचं नाव वाचलं तर चालेल का. मी हो म्हटलं होतं. मी नोराला विचारलं, तुझ्या मुलाचंही सांगू का? काळ बदललाय, आता नाही म्हणणार नाहीत.

"त्या भिंतीच्या आत नको," ती म्हणाली. "त्यांना आता चालत असेल. मला चालत नाही."

मी घरी येताना बसमध्ये त्याचाच विचार करत होते. नारळ नाल्यात टाकणारी माझी पणजी मी पाहिली नाही, पण ती नोरासारखीच दिसत असणार असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मला माझ्या आजोबांबद्दल एक गोष्ट नव्याने कळली. त्यांनी कोनाडा लिंपला तेवढंच मी आजवर धरून बसले होते. पण ते तिथे थांबले नव्हते. महिन्याभरात त्यांनी वस्तीतल्या चार घरांसोबत एका पडवीत पौर्णिमेला बसायला सुरुवात केली होती. ज्या दारातून हाकलतात ते दार सोडता येतं. पण मेलेल्या माणसाचं नाव घेऊन चार जणांत बसायची गरज माणसाला सोडता येत नाही.

आमच्या आसपासच्या गावांत वऱ्हाडातली तीन कुटुंबं होती. एक वाशीमचं, एक परतवाड्याचं, एक यवतमाळचं. वर्षातून एकदा बिर्याणीला भेटायचो तेवढंच. मी त्यांना फोन केले की वैशाख पौर्णिमेला जमूया. जागा हवी होती. मॉरीनने चर्चच्या मागचा हॉल मिळवून दिला. भाडं नाही, फक्त जाताना खुर्च्या रचून ठेवायच्या. कमिटीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं म्हणे, हे लोक आत काय करणार? मॉरीनने सांगितलं, बसणार.

मी नोराला विचारलं, येशील का? हॉल चर्चचाच आहे, हे आधीच सांगते.

"तो हॉल मला माहितीये," ती म्हणाली. "तिथे आम्ही नाचायला जायचो. हॉलचं काय, चालेल."

केअर होमबाहेर न्यायचं म्हणजे कागद. आमची मॅनेजर चांगली बाई, पण नियमाची पक्की. तिने फॉर्म वाचला आणि अडली. "कारण, धार्मिक कार्यक्रम. पण नोराला धर्म नाही असं लिहिलंय."

नोरा खुर्चीतून म्हणाली, "हिचंही तसंच लिहिलंय. हीच घेऊन चाललीये."

जायच्या आदल्या दिवशी मी बाबांना विचारलं, नोरा आपल्यातली नाही, तिला नाव घ्यायचंय, तर वंदनेत ते कुठे बसवायचं? मला खरंच नियम हवा होता. बाबा म्हणाले, "नियम काय इचारतं? येऊ दे तिले. पुढच्या रांगेत बसव, ऐकू येत नसंन."

हॉलमध्ये नोराला सोडून आम्ही अकरा जण होतो, लेकरं धरून. टेबलावर पांढरी चादर, त्यावर बुद्धाची छोटी मूर्ती, परतवाड्याच्या ताईंनी आणलेली खीर. मॉरीन दाराजवळ बसली, शायनी तिच्या बाजूला. वंदना झाल्यावर मी साध्या इंग्रजीत सांगितलं की ज्यांना कुणाचं नाव घ्यायचंय त्यांनी मेणबत्ती लावून घ्यावं. वाशीमच्या दादांनी वडिलांचं घेतलं. मी उत्पलाचं घेतलं, माझा आवाज स्थिर होता. मग मी नोराची व्हीलचेअर पुढे नेली. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा मी तिचा हात धरला. मेणबत्ती पेटली आणि ती म्हणाली, "थॉमस." मग अजून मोठ्याने म्हणाली, "थॉमस. दोन दिवसांचा होता."

वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं सगळ्यांनी म्हटलं, साधू, साधू, साधू. मॉरीनने आणि शायनीनेही.

नोराला परत केअर होमवर आणलं. तिला पलंगावर निजवताना मी विचारलं, बरं वाटलं का? ती म्हणाली, "सत्तर वर्षांनी काय बरं वाटणार? पण आता अकरा माणसांना माहितीये." पुढच्या तीन पौर्णिमांना ती आली. चौथीच्या आधी गेली. तिच्या अंत्यविधीला ना पाद्री होता ना प्रार्थना, तिची तशीच सूचना होती. पण विधी चालवणाऱ्या माणसाने वाचलेल्या कागदावर तिने स्वतः सांगून एक ओळ घालून घेतली होती, की ती थॉमसची आई होती.

तुमच्यापैकी कुणी बाहेर असाल आणि माझ्यासारखेच सगळं सोडून आला असाल, तर मी तुम्हाला परत जा म्हणत नाहीये. मला अजूनही असाच देश हवा आहे जिथे दवाखान्यात, शाळेत, नोकरीत कुणी धर्म विचारत नाही. कायदा सैल होता तेव्हा पायरीवरच्या आणि भिंतीआडच्या माणसांनी काय केलं ते माझ्या घरालाही ठाऊक आहे आणि नोरालाही होतं. पण कायद्याने मला रजा दिली, त्या रजेत माझ्याजवळ बसायला माणसं लागली. ती कुठून ना कुठून, कसल्या ना कसल्या श्रद्धेच्या निमित्तानेच आली. आमचंही सगळं सुरळीत चालतं असं नाही. कुठली गाथा आधी यावरून यवतमाळच्यांशी वाजलं, ते सहा महिने आले नाहीत. संदीप अजूनही मन असेल तेव्हाच येतो. तरी खुर्च्या मांडायला मात्र तो दर वेळी असतो.

यंदा हिवाळ्यात आम्ही महिनाभर वऱ्हाडात आलो. बडनेऱ्याला बाबा थकले आहेत, विहाराची चटई आता दुसरं कुणी झटकतं. एका सकाळी उन्हात बसलो होतो तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बाबा, मी तिकडे सगळ्यांकडून वंदना म्हणून घेऊन राहिली, पण मले सगळं पटते असं नाई."

त्यांनी निवडायच्या तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाले, "मले बी कुठी सगळं पटलं? पण तुह्या आईच्या मांगच्या आजारपणात रोज दोन बाया येऊन बसत होत्या. त्यायले कोणं धाडलं होतं? थे म्या कधी इचारलं नाई."

इतकी वर्षं ज्यांच्याशी वाद घातला ते बाबा मनातून माझ्याच बाजूला उभे होते, हे कळायला मला एवढं लांब जाऊन यावं लागलं.

घर कुठलं, असं तिकडे कुणी विचारलं की मी पटकन अमरावती सांगते, कारण बडनेरा कुणाला माहीत नसतं. इकडे कुणी विचारलं की तिकडच्या गावाचं नाव तोंडात येतं. दोन्हीकडे थोडं खोटं बोलल्यासारखं होतं. यंदा अकोल्याला सासरी गेलो तेव्हा मात्र तसं झालं नाही.

ऑटोतून उतरले, तर शेजारच्या शकुंतलाबाई ओट्यावर बसलेल्या. जुन्या शेतकरी घरातल्या, त्यांच्या दारात तुळस, देवघरात रोज पूजा. माझी त्यांची ओळख लग्नात झाली तेवढीच. मला नंतर सासूबाईंनी सांगितलं की आमची मुलगी गेली त्या महिन्याच्या पौर्णिमेला त्यांनी आमच्याच घरी पठण ठेवलं होतं. बोलावलं नव्हतं तरी अख्खी गल्ली आली होती, आणि खिरीचं दूध शकुंतलाबाईंच्या घरून आलं होतं. पण उतरताना मला यातलं काही माहीत नव्हतं. शकुंतलाबाईंनी डोळ्यांवर हात धरून मला नीट पाहिलं आणि आत सुनेला हाक दिली, "उत्पलाची माय आली व. पाणी आण."

मला त्या नावाने आजवर कुणी हाक मारली नव्हती. संदीप बॅगा उतरवता उतरवता थांबला. सून पाण्याचा गडू घेऊन आली, शकुंतलाबाई जरा सरकल्या, आणि मी चपला काढून त्यांच्या बाजूला ओट्यावर बसले.